वादळानंतरचा पंचनामा
१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे तामिळनाडूत वेदारण्यमनजीक किनारा ओलांडलेल्या ‘गजा’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्याच्या पट्टुकोट्टै-पेरावुरणी भागातील असंख्य माड भुईसपाट केले. अशा वेळी, वाटाच बंद असताना, बांधाबांधावरून फिरून होणाऱ्या पंचनाम्यास विलंब अटळ असतो. मानवरहित विमान मात्र एकमेकांवर अंशतः येणारी शेकडो छायाचित्रे टिपते, आणि त्यांच्या जुळणीतून पडझडीची मोजदाद व भूमीची उंची सिद्ध होते. २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात शोधकार्यास लाविलेले ‘नेत्र’ हे असेच मानवरहित विमान मुंबईच्या आयडियाफोर्जने संरक्षण संशोधन खात्यासह घडविले होते, ही आपल्याकडे फारशी न बोलली जाणारी गोष्ट. मनुष्यकृत उपद्रवही अशा विमानाच्या नजरेतून निसटत नाही: वाळूउपशापूर्वीच्या व नंतरच्या उंचींतील फरकावरून घनफळ काढून ते ठेकेदाराच्या परवान्याशी ताडता येते, पाण्याखालच्या खड्ड्यासाठी मात्र तळ मापणारी नौका, उदाहरणार्थ मानवरहित, हवी.