कॅमेरा घेऊन शिरूरकडे: रांजणखळगे आणि मोर

एका दिवसात भरपूर ठिकाणं उरकायचा हव्यास आम्ही दोघांनी सोडलाय. शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी आणि मोराची चिंचोली, बस्स!

टाकळी हाजीला कुकडी नदीनं काळा बेसॉल्ट कोरून रांजणखळगे केलेत. पलीकडच्या काठावर पारनेरचं निघोज. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरतात आणि कातळ खरवडत जातात. हजारो वर्षं हेच चाललंय! फोटोसाठी सकाळचं तिरपं ऊन हवं, तेव्हाच खळग्यांची वळणं सावल्यांतून उठून दिसतात. काळा कातळ बघून कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं उणे ठेवा. खळग्यांचा आकार कळावा म्हणून जोडीदाराला फ्रेममध्ये घ्या, पण कडेपासून लांब. नदीला पाणी चढलं असेल तर खाली उतरूच नका.

दुपारी झाडाखाली डबा खा, निवांत.

उन्हं कलली की चिंचोली. पिसारा फुलवलेला मोर हवा असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर जा. पावसाळा सरता सरता पिसं गळतात. मोरामागे धावायचं नाही. लांब पल्ल्याची लेन्स लावून बांधाआड गप्प बसायचं, तो आपणहून समोर येतो.