उडी आणि नाद : दोन छंदांचा ताळेबंद

व्यापारी कुटुंबात मुलांच्या छंदाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. छंद बसून करण्याचा असेल तर तो खर्चिक ठरतो. उड्या मारण्याचा असेल तर तो धोक्याचा ठरतो. एकाच तरुणास हे दोन्ही छंद असले, म्हणजे सकाळी पार्कोरचा सराव आणि रात्री दुकान वाढवल्यावर घरातील ध्वनिसंच व मोठा पडदा, तर वडीलधाऱ्यांची काळजी दुप्पट होते. पैसा कोठे जातो, वेळ कोठे जातो आणि उद्या हातपाय मोडला तर गादीवर कोण बसणार, असे प्रश्न जेवणाच्या पाटावर निघू लागतात. हे प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे मनाईत नसून हिशेबात आहेत, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

पार्कोर म्हणजे नेमके काय?

पार्कोर म्हणजे गच्चीवरून गच्चीवर उड्या, असा समज चित्रपटांनी करून दिला आहे. २००६ साली आलेल्या ‘कसिनो रोयाल’ या बाँडपटातील आरंभीचा पाठलाग अनेकांनी पाहिला असेल. त्यात धावणारा सेबास्तियां फुकां हा या विद्येच्या पहिल्या पिढीतील फ्रेंच साधक. प्रत्यक्षात या विद्येचे मूळ गंभीर आहे. झॉर्ज एबेर (१८७५–१९५७) या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘नैसर्गिक पद्धती’ची व्यायामप्रणाली मांडली. चालणे, धावणे, उडी मारणे, चतुष्पादाप्रमाणे चालणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे अशी तिची दहा अंगे होती. दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावे म्हणून बलवान व्हावे, हे तिचे सूत्र.

फ्रेंच सैन्यातील अडथळ्यांच्या शर्यतीत या विचाराचा अंश उतरला. रेमाँ बेल या पॅरिसच्या अग्निशामक दलातील जवानाने ती शिस्त अंगी बाणवली आणि त्याचा मुलगा दाविद बेल व त्याचे सोबती यांनी १९९० च्या दशकात पॅरिसजवळील लिस या उपनगरात तिला आजचे रूप दिले. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाने २०१८ मध्ये पार्कोरला आपल्या छत्राखाली घेतले आणि २०२२ मध्ये टोकियो येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. तथापि स्पर्धा हा या विद्येचा गाभा नव्हे. मल्लखांबाच्या भूमीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये : लाकडी खांबावर घाम गाळणारा आखाड्यातील मुलगा प्रेक्षकांसाठी नव्हे, स्वतःच्या शरीरावर ताबा मिळवण्यासाठी चढतो. पार्कोरमध्ये खांबाच्या जागी कठडा आणि पायऱ्या आल्या, इतकेच.

जाणता शिक्षक पहिल्याच दिवशी उंचीवर नेत नाही. आधी जमिनीवर एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर नेमकी उडी. मग चवड्यांवर उतरून गुडघे वाकवणे. मग एका खांद्यापासून विरुद्ध कमरेपर्यंत तिरके लोळण घेऊन वेग जिरवणे. उडी चांगली साधली की नाही याची खूण एकच : उतरताना आवाज किती झाला? धप्प असा आवाज आला म्हणजे सांध्यांनी धक्का सोसला. आवाज झाला नाही म्हणजे स्नायूंनी तो झेलला.

नादाचे शास्त्र आणि नादाचा खर्च

आवाजाची हीच पारख दुसऱ्या छंदातही कामी येते. घरातील ध्वनिसंच हा बाहेरून यंत्रांचा शौक वाटतो. पण त्याचे निम्मे यश खोलीत असते. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या दिवाणखान्यात टाळी वाजवून पाहावी. तिचा झणकारा रेंगाळत असेल तर कितीही महाग स्पीकर आणले तरी संवाद अस्पष्टच ऐकू येणार. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट एवढ्यानेही मोठा फरक पडतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर कोपऱ्यात ढकलले की खर्जाचा स्वर फुगतो. या सुधारणांना पैसा जवळजवळ लागत नाही.

पैसा जातो तो पुढच्या पायरीवर. पन्नास वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर विकून शंभर वॅटचा घेतला तर आवाज दुप्पट होईल, असे ग्राहकास वाटते. वस्तुतः शक्ती दुप्पट केली की पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. खर्च दुप्पट आणि लाभ किंचित, असा सौदा आपल्यापैकी कोणीही दुकानात करणार नाही. मग घरात का करावा? शिवाय कानाची मर्यादाही आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर ८८ ला तो काळ चार तासांवर येतो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला निम्मा होत जातो. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

संघर्ष कोठे आहे?

माझा एक पुतण्या वडिलांच्या कापड-दुकानात बसतो आणि त्याला हे दोन्ही नाद आहेत. प्रारंभी त्याची तक्रार अशी की, ‘काका, दोन्हींना वेळच पुरत नाही.’ मी त्याला बँकेच्या सवयीने आठवड्याची नोंद ठेवायला सांगितली. नोंद पाहता असे दिसले की सरावाला आठवड्यास साडेचार तास आणि ऐकण्या-पाहण्याला सहा तास, एवढीच त्याची मागणी होती. वेळ पुरेसा होता. तूट होती ती झोपेत. रात्री अकराला सुरू केलेला चित्रपट दीडला संपे आणि सकाळी सहाला तो कठड्यावर उभा राही. प्रौढ माणसास किमान सात तास झोप हवी. अपुऱ्या झोपेने लक्ष ढळते आणि पार्कोरमध्ये ढळलेल्या लक्षाची किंमत घोट्याला मोजावी लागते. दोन छंद एकमेकांचे वैरी नव्हते. त्या दोघांनी मिळून तिसऱ्याच खात्यातून उचल चालवली होती.

त्यावर बसवलेली घडी साधी आहे. मंगळवार, गुरुवार व शनिवार सकाळी दीड तास सराव. मधले दिवस विश्रांतीचे, कारण स्नायू व्यायामात झिजतात आणि विश्रांतीत बळावतात. स्नायूंना जोडणारे कंडरे तर त्याहून सावकाश बळकट होतात. चित्रपट रविवारी दुपारी, म्हणजे शरीर सक्तीने स्वस्थ हवे त्याच दिवशी. अशा रीतीने एका छंदाची सुटी हाच दुसऱ्याचा मुहूर्त ठरतो. इतर रात्री अर्धा तास संगीत, तेही दहाच्या आत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा धरला जातो आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, तर रात्री ४५ डेसिबल आहे. खर्जाचा स्वर भिंती भेदून शेजाऱ्याच्या उशीपर्यंत पोहोचतो, हे ध्यानी ठेवावे.

आपल्या घरांतील दिनचर्या या घडीला अनुकूलच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले असल्याने रात्री पोट जड राहत नाही आणि पहाटे अंग हलके असते. सराव आटोपून घरी येईतो नवकारसीची वेळ झालेली असते; तेव्हा मात्र न्याहारी चुकवू नये. मूग, डाळी, दूध, दही यांतून स्नायूंना लागणारे पोषण मिळते. उपवासाच्या दिवशी उड्यांना सुटी द्यावी.

दोन्ही छंदांचा एक प्रत्यक्ष सांधाही आहे. सरावाचे मोबाइलवर संथगती चित्रण करून ते घरच्या मोठ्या पडद्यावर पाहिले की, उतरताना गुडघे आत वळतात किंवा टाच आधी टेकते, असे दोष स्पष्ट दिसतात. करमणुकीसाठी घेतलेला पडदा मग गुरूचे काम करतो.

जमा आणि नावे

लेखापालाच्या दृष्टीने पाहता ध्वनिसंच ही घसारा लागणारी मालमत्ता आहे. विकत घेतल्या दिवसापासून तिचे मूल्य उतरते. म्हणून त्यासाठी हप्त्याचे कर्ज काढू नये. दरमहा ठराविक रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी, मुदत भरल्यावर जुना भाग विकून नवा घ्यावा आणि नवी खरेदी करण्यापूर्वी खोलीची मांडणी एकदा बदलून पाहावी. पार्कोरला भांडवल थोडे, चांगले बूट आणि शिक्षकाची फी इतकेच. परंतु त्यात जोखीम आहे. वैयक्तिक अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळांतील इजा वगळलेली असते. सराव सुरू करण्यापूर्वी अपवादांचे कलम वाचावे आणि शंका असल्यास विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

तरुणांना सांगणे इतकेच की, शिक्षकाविना उंची गाठू नये, परक्याच्या गच्चीवर वा भिंतीवर चढू नये आणि चित्रणाच्या मोहाने न साधलेली उडी घेऊ नये. वडीलधाऱ्यांना विनंती ही की, नकार देण्यापूर्वी एकदा सरावाच्या मैदानावर जाऊन तासभर उभे राहावे आणि एकदा मुलाच्या शेजारी बसून त्याने जुळवलेल्या संचावर आपल्या आवडीची भक्तिगीते ऐकावीत. चोरून केलेल्या सरावाला देखरेख नसते आणि लपवून केलेल्या खरेदीला हिशेब नसतो. दोन्ही गोष्टी घरासमोर झाल्या तर धोकाही आटोक्यात राहतो, खर्चही.

दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्या पिढ्यांना गुडघेदुखी आणि मधुमेह हे जणू धंद्यासोबत वारशाने येतात. अशा घरातील मुलगा पहाटे उठून शरीर राबवतो आणि सायंकाळी कान देऊन ऐकायला शिकतो, तर ते घराच्या ताळेबंदात जमेच्या बाजूसच लिहावे.