जुलाबात पाणी बंद करू नका

जुलाब लागले की घरात सगळी धडपड ते थांबवण्याची असते. लिंबू पिळलेला कोरा चहा, दह्यातली मेथी, उगाळलेलं जायफळ, आणि त्यासोबत 'पाणी देऊ नका, दिलं की लगेच जातं' हा सल्ला. हा सल्ला, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, जिवावर बेतू शकतो. पाण्यासारख्या जुलाबांत माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून कुठल्याही घरगुती उपायाची कसोटी एकच असायला हवी: गेलेलं पाणी आणि मीठ त्याने भरून येतं का?

प्यायलेलं पाणी बाहेरच पडतं, हे दिसतं खरं, पण ते अर्धंच. मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आतड्याच्या पेशींत शिरतात आणि पाणी सोबत ओढून नेतात. पटकीतही ही वाट शाबूत राहते. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं द्रावण रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. ते द्रावण पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कसोटीवर मीठ घातलेली तांदळाची पेज खरी उतरते, कारण तिच्यातल्या पिष्टाचं आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतं. मीठ घातलेलं ताक आणि वरणाचं पाणीही चालतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. शीतपेयं मात्र नकोत. त्यातली जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढते. सर्वांत खात्रीची ओआरएसची पुडी. ती नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हींना चहाचाच चमचा. अंदाजाने मीठ वाढवणं मुलांना घातक ठरतं.

'ओआरएस देऊनही जुलाब थांबत नाहीत' ही तक्रार खरी आहे, पण ते त्याचं कामच नव्हे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजावं. अंगावरचं दूध आणि हलकं जेवण चालू ठेवावं. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने 10 ते 14 दिवस झिंक द्यावं. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, मलूलपणा किंवा लघवी बंद झालेली दिसली, तर दवाखाना गाठावा आणि वाटेतही पाजत राहावं.