नोव्हेंबरचा गुरुवार, नगरचा बंगला

नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड, असा कायदा मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींनी १६५९ साली केला होता. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात कुठेच नाही, मग ती पाळायची कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, तरी वळण पडलं ते पडलंच. तिथे नाताळची अधिकृत सुट्टी व्हायला १८५६ साल उजाडलं. मग या लोकांचा वर्षाचा मोठा सण कोणता? थँक्सगिव्हिंग. हंगाम घरात आला, थंडी पडली की एक गुरुवार ठरायचा. सकाळी चर्चमध्ये उपासना आणि लांबलचक प्रवचन, दुपारी सगळं गोत एका टेबलाभोवती. आपल्याकडे दिवाळीला जसं लेकीबाळींनी घर भरतं, तसं न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि त्याच्या शेजारच्या राज्यांतलं, घर त्या दिवशी भरायचं.

मुंबईत पाय रोवणारे पहिले अमेरिकन मिशनरी याच मातीतले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक. परत जाण्याचा हुकूम निघाला, दोघे गुपचूप कोचीनपर्यंत पोचले, तिथून धरून आणले गेले, आणि बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर गव्हर्नर नेपियनच्या काळात त्यांना राहू दिलं गेलं. अशा माणसांनी आपल्या देशाचा सण उघडपणे मिरवण्याचा प्रश्नच नव्हता. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेला. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं उघडलं आणि अमेरिकन मराठी मिशनचं मुख्य बिऱ्हाड तिथे वसलं.

सण पाळायचा तर आधी तारीख कळायला हवी. पहिल्या पन्नास वर्षांतली खरी अडचण हीच. थँक्सगिव्हिंगचा दिवस प्रत्येक राज्याचा गव्हर्नर आपापला जाहीर करी. एकाचा आज, शेजारच्याचा पुढच्या आठवड्यात. ती घोषणा छापलेलं वर्तमानपत्र सुरुवातीला आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला यायला चार-पाच महिने लागत. म्हणजे नोव्हेंबरचा सण कधी झाला ते इथे होळीच्या सुमारास समजणार.

या गोष्टीत दोन बायका आहेत, दोघी न्यू हॅम्पशायर या एकाच लहानशा राज्यात जन्मलेल्या. सारा हेल आणि सिंथिया फरार. १८२७ साली हेलची 'नॉर्थवुड' ही कादंबरी आली. तीत थँक्सगिव्हिंगच्या पंगतीचं सविस्तर वर्णन आहे. त्याच वर्षी फरार, लग्न न केलेली शिक्षिका, मुलींच्या शाळांसाठी मुंबईला आली. हेल पुढे 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाची संपादक झाली आणि सगळ्या देशाने एकाच दिवशी हा सण पाळावा म्हणून वर्षानुवर्षं अग्रलेख आणि पत्रं लिहीत राहिली. फरार पुढे नगरला गेली आणि तिथे मुलींना शिकवत राहिली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि मग १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. हेलच्या खटपटीला लिंकनने ३ ऑक्टोबर १८६३ रोजी यश दिलं: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, सगळ्या देशाला एकच. फरार त्याच्या आदल्या वर्षी, १८६२ मध्ये, नगरलाच वारली होती.

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा वहिवाटीचा दिवस झाल्यावर परदेशातल्या माणसाला घोषणेची वाट पाहायची गरज उरली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. (आज कायद्याने चौथा गुरुवार धरतात, तो १९४१ पासून.) पण नगरकडे नोव्हेंबर म्हणजे दौऱ्यांचे दिवस. पाऊस सरला, रस्ते वाळले की मिशनरी तंबू आणि बैलगाडी घेऊन खेड्यांत निघायचे ते उन्हाळा लागेपर्यंत. न्यू इंग्लंडमध्ये शेत झाकून माणसं घरात शिरतात त्याच आठवड्यात इथली माणसं घर सोडून बाहेर पडत. बाजरी खळ्यावरून घरात आलेली, रब्बीची ज्वारी शेतात उभी.

आणि पंगतीत काय? याचं मला फार अप्रूप वाटतं. थँक्सगिव्हिंगच्या ताटातला लाल भोपळा, मका, रताळं ही सगळी मूळची अमेरिकेची, पण मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी पोर्तुगिजांच्या व्यापारामागोमाग दख्खनात येऊन रुळलेली. भोपळ्याचे घारगे होत होते, रताळं तर उपासाच्या ताटात जाऊन बसलं होतं. उलट भोपळ्याच्या पायमध्ये पडणारी दालचिनी, जायफळ, सुंठ पूर्वेकडची. न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरात ती जहाजाने पोचलेली. नगरच्या बाजारात मात्र ती पुडी बांधून मिळे. साखरेऐवजी गूळ घातला तरी पाय बिघडत नाही, रंग जरा गडद येतो एवढंच. भट्टी नसली तर जाड बुडाचं पातेलं चुलीवर मंद आचेवर ठेवायचं, झाकणावर निखारे पसरायचे, आणि वास सुटला की वरचे निखारे आधी काढायचे, नाहीतर वरून करपतं आणि आत ओलं राहतं. अडायचं ते क्रॅनबेरीपाशी. तो आंबटपणा आणि तांबडा रंग अंबाडीच्या लाल बोंडांच्या जेलीत सापडतो, आणि ती बोंडं नेमकी याच दिवसांत येतात.

माणसं मात्र बाजारात मिळत नाहीत. मिशनरी मुलांना शिक्षणासाठी आणि इथल्या रोगराईच्या धास्तीने लहानपणीच अमेरिकेला पाठवत; बोस्टनजवळच्या ऑबर्नडेलमध्ये अशा मुलांसाठी खास वसतिगृह होतं. ज्या सणाचं सारं सार घर भरण्यात, त्या दिवशी आईबाप नगरला आणि मुलं ऑबर्नडेलला. शिवाय मिशनच्या बंगल्याच्या मागच्या बाजूच्या दफनभूमीत काही छोटी थडगी. अशा टेबलाशी बसून उपकार मानायचे, याला लागणारी श्रद्धा मला नमस्कार करावी अशी वाटते.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि दिवाळी अंकात तर नक्कीच. याच मिशनऱ्यांनी नवख्रिस्ती मराठी कुटुंबांना दिवाळी सोडायला सांगितली, कारण तिच्यात लक्ष्मीपूजन होतं. आपला सण सात समुद्रांपलीकडे आणून जिवापाड जपणाऱ्याला दुसऱ्याच्या सणातलं घर दिसू नये, हे मला टोचतं. मराठी ख्रिस्ती बायकांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे केले, दारात चांदणीचा कंदील लावला. ज्या नाताळाला प्युरिटनांनी दंड लावला होता त्यातच त्यांनी आपली दिवाळीची परात नेऊन ठेवली, आणि ती आजतागायत तिथेच आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं रचली तीही याच ओढीने.

थँक्सगिव्हिंग मराठी मंडळींत रुजलं नाही. ते अमेरिकनांचं राष्ट्रीय पर्व, बंगल्यातच राहिलं. रुजला तो हार्वेस्ट फेस्टिव्हल. त्याची चाल इंग्लंडमधली, १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या एका खेड्यातल्या पाद्र्याने सुरू केलेली. पण इथे त्याला गावरान रूप आलं. वेदीपुढे कणसांच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. दहा रुपयांचा दुधी बोली चढत चढत शंभरावर जातो. घेणारा पैसे मोजतो आणि दुधी परत टेबलावर ठेवतो, की पुन्हा बोली लागावी. जमलेली रक्कम चर्चच्या खात्यात जाते आणि वर्षभराच्या खर्चाला लागते.