एकाच माणसाच्या तीन हकिगती

बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याला लागून १८९२ साली आखलेल्या चामराजपेटेत, जेथे मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या केवळ क्रमांकांनी ओळखल्या जातात, मराठी बोलणारी जी घरे आहेत त्यांतली काही शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळाशी नाते सांगतात, काही म्हैसूरच्या दिवाण पूर्णय्यांच्या दफ्तराशी, आणि बाकीची, ज्यांत आमचेही घर येते, नोकरीच्या निमित्ताने येऊन येथेच राहिली. बँकेच्या कर्जविभागात आयुष्य घालवून निवृत्त झाल्यामुळे या घरांतून परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींची कागदपत्रे अधूनमधून माझ्यापुढे येतात. ‘काका, जरा नजर टाका’ एवढीच त्यांची अपेक्षा असते. यंदा शेजारच्या ज्या मुलीने अमेरिकेतील दोन वर्षांच्या एमबीएसाठी अर्ज केला, तिच्या कागदांवर मात्र मी पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नजर ठेवून होतो. तेवढ्या अवधीत मला जे दिसले ते असे, की असा अर्ज म्हणजे एकच हकिगत तीन निरनिराळ्या दरबारांत सांगणे होय: प्रथम विद्यापीठापुढे, मग बँकेपुढे आणि सरतेशेवटी वकिलातीपुढे. हे तीनही श्रोते एकमेकांस भेटत नाहीत, तरी प्रत्येकाच्या हाती पडणारा कागद दुसऱ्याच्या हातातल्या कागदाशी रुजवात घालून पाहता येईल इतका जुळलेला असावा लागतो.

पहिली अडचण उद्भवते ती नावापासून. आमच्याकडच्या पुष्कळ मराठी घराण्यांनी येथील रिवाजाप्रमाणे आडनाव मागे टाकले, आद्याक्षर पुढे घेतले आणि शेवटी ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडले. त्यामुळे एसएसएलसीच्या गुणपत्रिकेत एक नाव, पदवीच्या प्रमाणपत्रात आद्याक्षरे उलगडलेले दुसरे, आणि पारपत्रात आजोबांच्या वेळचे आडनाव पुन्हा प्रकट झालेले तिसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. या तिन्ही व्यक्ती एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर करून नोटरीपुढे सही करावी लागते. ती सही करताना मुलगी हसली. तिच्या वडिलांना हसू आले नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या नावाचीही दोन रूपे होती आणि पुढे बँकेला त्यांचेही प्रतिज्ञापत्र लागणार होते.

जीमॅट या प्रवेशपरीक्षेविषयी फार लिहिण्याजोगे नाही. २०२३ च्या अखेरीस तिचे स्वरूप बदलले. आता पंचेचाळीस मिनिटांचे तीन विभाग, एकूण चौसष्ट प्रश्न आणि २०५ पासून ८०५ पर्यंतचे गुण अशी तिची रचना आहे, आणि मिळालेले गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. आपल्या मुलांना परीक्षेचे भय नाही. बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या, १९७३ साली स्थापन झालेल्या आपल्याच शहरातील व्यवस्थापनसंस्थेकडे जाणारी वाटही प्रथम कॅटच्या गुणांच्या चाळणीतूनच जाते, आणि त्या चाळणीची सवय त्यांना लहानपणापासून असते. त्यांना भय वाटते ते निबंधाचे, म्हणजे ‘तू कोण, आजवर काय केलेस आणि पुढे काय करणार’ या प्रश्नाला मोजक्या शब्दांत द्यावयाच्या उत्तराचे.

ही मुलगी एका मोठ्या कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करते. बंगळुरूतल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतील लहान लहान कार्यशाळा त्या कारखान्याला सुटे भाग पुरवतात. त्यांची बिले महिनोन्‌महिने टेबलाटेबलांवर पडून राहत. लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करावेत असा कायदा २००६ सालचा आहे; परंतु मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्राप्तिकरात मिळणार नाही, हे कलम २०२४ च्या एप्रिलपासून अमलात आले, तेव्हा कोठे मोठ्या कंपन्यांची झोप उडाली. या मुलीने मंजुरीचा क्रम बदलून ती बिले मुदतीत निघतील अशी व्यवस्था बसवली. काम उत्तम होते, पण निबंधाच्या पहिल्या मसुद्यात तिने लिहिले, ‘आमच्या विभागाने असे केले.’ जयनगरमधल्या एका सल्लागाराने तो मसुदा इतका फिरवला, की वाचणाऱ्याला वाटावे, या एका मुलीने सगळा कारखाना खांद्यावर पेलला होता.

मला दोन्ही मसुदे सारखेच निरुपयोगी वाटले. कर्जाचे अर्ज वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला संकोच आणि बढाई या दोहोंतून एकच गोष्ट लपलेली दिसते, ती म्हणजे तपशील. मी तिला एवढेच विचारले, की कल्पना कोणाची, मांडणी कोणाची आणि मंजुरी कोणाची. तेव्हा असे निघाले की, क्रम उलटा करावा हे प्रथम सुचवले ते निवृत्तीस टेकलेल्या एका कारकुनाने. सात महिन्यांची बिले तपासून विलंब नेमका कोणत्या सहीपाशी होतो हे तिने शोधले, त्यावरून नवी पद्धत तिने आखली, आणि तिच्या वरिष्ठाने ती व्यवस्थापनाकडून पदरात पाडून घेतली. अखेर निबंधात गेले ते हेच, तिघांच्या वाट्यासह. आपण सांघिक कामात आपल्या नावाचा उच्चार टाळतो आणि त्याला विनय समजतो. पण नेमके आपण काय केले हे ठाऊक नसणे हा विनय नव्हे, आळस आहे, असे माझे मत बनले आहे.

शिफारसपत्राच्या बाबतीतही असाच प्रसंग आला. ‘तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो,’ हे आपल्या कचेऱ्यांतील वरिष्ठांचे सर्वपरिचित औदार्य होय. विद्यापीठांना ते चालत नाही. शिफारस करणाऱ्याने स्वतः लिहावे आणि अर्जदाराला न दाखवता परस्पर पाठवावे असा त्यांचा दंडक असतो. या मुलीने मजकूर न देता कामांची तारीखवार फेरिस्त करून दिली, आणि त्या गृहस्थांनी एका रविवारी बसून पत्र पुरे केले. त्यात त्यांनी तिच्याविषयी एक तक्रारही लिहिली होती, असे तिने मागाहून त्यांच्याच तोंडून ऐकले. अशा तक्रारीमुळे बाकीची स्तुती विश्वसनीय होते, हे समजण्याइतके ते गृहस्थ अनुभवी असावेत.

अर्ज स्वीकारण्याच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. पहिली सप्टेंबरच्या आसपास, दुसरी जानेवारीच्या आरंभी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारचे बारा वाजतात तेव्हा चामराजपेटेत रात्रीचे साडेदहा झालेले असतात. दुसऱ्या फेरीची मुदत त्या वेळी संपत होती, म्हणून तिने अर्ज त्या रात्री जेवण उरकल्यावर धाडला. पुढे पडद्यावरची मुलाखत झाली, आणि मार्चच्या अखेरीस होकार आला.

येथून दुसरा दरबार सुरू होतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला खरा जिवंत भाग हाच. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जाची रूढ चौकट अशी, की चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताची जामीनकी चालते, आणि त्यापलीकडे स्थावर किंवा तत्सम मालमत्ता तारण द्यावी लागते; शिवाय परदेशी शिक्षणाच्या खर्चातले पंधरा टक्के घरातून उभे करावे लागतात. अमेरिकी एमबीएचा खर्च या आकड्यांच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून घर गहाण पडणे अपरिहार्य. बंगळुरूत त्यातही खात्याचा, म्हणजे पालिकेच्या दफ्तरातील मालमत्तेच्या नोंदीचा, प्रकार पाहतात. ‘ए’ खात्याचे घर बँकांना चालते, ‘बी’ खात्याचे म्हटले की बहुतेक ठिकाणी मान हलते. चामराजपेटेतली जुनी घरे या कसोटीला सहसा उतरतात. त्यांचे दुखणे निराळे असते. त्यांच्या मालकांची संख्या मोठी असते.

बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा बोजा तपासला, जुने कानडी दस्तऐवज वाचले, आणि आजोबांच्या पश्चात झालेल्या वाटणीपत्रात मुलीच्या आत्याची सही नाही एवढे बरोबर हेरले. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असल्याने त्या सहीवाचून पुढे जाणे शक्य नव्हते. आत्या बेळगावला राहतात. दोघे भाऊ-बहीण पुष्कळ वर्षे कामापुरतेच बोलत असत, त्यामुळे वडिलांनी हा विषय फोनवर काढण्याचे टाळले आणि रात्रीच्या गाडीने बेळगाव गाठले. मुलीने मला सांगितलेला संवाद असा, की आत्या सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘सही देते मी. पण घर सोडवायचं ते तिनं सोडवायचं, दादा, तू नाही. हे तिला माझ्यासमोर कबूल करू दे.’ मुलीने फोनवर कबूल केले. हक्कसोडपत्र नोंदवले गेले, मूल्यमापक येऊन फीत लावून गेला, आणि मूळ दस्तऐवज बँकेकडे ठेवून गहाण पुरे झाले. विद्यापीठाकडे गेलेल्या अर्जावर एकट्या मुलीची सही होती; बँकेच्या कागदांवर आई, वडील, आत्या, वकील आणि मूल्यमापक इतक्यांच्या सह्या होत्या. निबंध वाचणाऱ्या समितीला यांतले काहीच दिसत नाही, हे मला थोडेसे अन्यायाचे वाटते.

बँकेला ऐकायची असते ती हकिगतही निराळी. मुलगी तिकडे डॉलरमध्ये मिळवील, या भरवशावर परतफेडीचा तक्ता बांधलेला असतो. तिसऱ्या दरबाराची भूमिका नेमकी याच्या उलट आहे. अमेरिकेचा कायदा विद्यार्थिव्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला, तो अन्यथा सिद्ध करीपर्यंत, तेथे कायमचा राहू इच्छिणारा समजतो. म्हणजे ज्या कमाईच्या आशेवर एका खिडकीत कर्ज मंजूर होते, तिचा उच्चार दुसऱ्या खिडकीत जपून करावा लागतो.

येथे एक जुने उदाहरण आठवते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याची कबुलायतही लिहून घेतली. ती अट कडक होती, पण तिच्यात एक स्वच्छता होती. पैसा देणारा आणि परत येण्याची अपेक्षा करणारा धनी एकच होता. आता पैसा देणारा एक, परत जा म्हणणारा दुसरा, आणि जगाला हालवण्याची महत्त्वाकांक्षा दाखव म्हणणारा तिसरा.

सल्लागारांच्या मते यावर उपाय म्हणजे तीन ठिकाणी तीन उत्तरे पाठ करणे. या मुलीने तसे केले नाही, आणि याचे श्रेय तिच्या निबंधाला आहे. परत येऊन पीण्यातल्या कार्यशाळांना त्यांच्या अडकलेल्या बिलांवर वेळेवर पैसा मिळवून देणारी संस्था काढायची, हे तिने विद्यापीठाला लिहिले होते. त्याआधी पदवीनंतर कायद्याने मुभा असलेल्या मुदतीपुरते तेथे काम करायचे, हे बँकेला सांगितले होते. वकिलातीत सांगायला तिच्याजवळ तोच क्रम होता, अक्षराचाही फरक न करता.

बंगळुरूत अमेरिकी कॉन्सुलेटचे उद्घाटन २०२५ च्या जानेवारीत झाले, पण तेव्हा तेथे व्हिसाचे काम सुरू झालेले नव्हते. आमच्याकडची मंडळी वर्षानुवर्षे त्यासाठी चेन्नईची गाडी धरत आली आहेत. तीही चेन्नईलाच गेली. सोबत होते ते विद्यापीठाकडून आलेला आय-वीस हा दाखला, कर्जमंजुरीचे पत्र, मूल्यांकन, गुणपत्रिका आणि नावाचे ते प्रतिज्ञापत्र यांनी फुगलेले बाड. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारले, की हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, आणि शिकून काय करणार. तिसऱ्या उत्तरात ‘पीण्या’ हा शब्द आला तेव्हा त्याने पीण्या कोठे आहे असे विचारले, तिने सांगितले, आणि पारपत्र ठेवून घेत त्याने व्हिसा मंजूर झाल्याचे सांगितले. बाड उघडावेच लागले नाही.

परतीच्या गाडीतून तिने मला फोन केला तो वेगळ्याच चौकशीसाठी. शिक्षण चालू असताना आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज चढत राहते; ते त्या काळातच भरत गेल्यास दरात एक टक्क्याची सूट मिळते, हे तिने मंजुरीच्या पत्रात वाचले होते. ते व्याज वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जाऊ नये, विद्यापीठात तासिकांवर मिळेल त्या कामातून जावे, अशी तिची इच्छा होती. मी म्हटले, पहिल्या सहामाहीत ते जमणे कठीण. तेवढे वडिलांना भरू दे, पण वेगळ्या वहीत लिहून ठेव. ती म्हणाली, वही आत्याने आधीच दिली आहे.