उजव्या हाताची नदी
लेखमाला : रेवाकाठ, भाग 7

ओंकारेश्वरला पोचलेला यात्रेकरू आधी पूल गाठतो. इंदूरहून पहाटे निघालेली कुटुंबं जेमतेम ऐंशी किलोमीटरचा रस्ता घाट उतरून कापतात, मांधाता बेटावर ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतात, अलीकडच्या तीरावर ममलेश्वराला बेल वाहतात आणि दिवेलागणीला घरी परततात. परिक्रमा उचलणाऱ्याला ही मुभा नाही. एकदा संकल्प सोडला की बेटावरचं मंदिर त्याच्यासाठी पाण्यापलीकडचं झालं. दक्षिण तीरावरच्या गोमुख घाटावर तो कन्यापूजन करतो, लहानशा बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घेतो, समोरच्या शिखराला हात जोडतो आणि पश्चिमेकडे चालू लागतो. ज्याच्या दारातून निघाला, त्या ओंकाराला तो भेटणार सगळ्यात शेवटी, बाटलीतलं पाणी वाहायला.

नर्मदा मैया उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. परिक्रमेचे बाकी नियम या एका नियमाभोवती उभे आहेत.

अमरकंटक ते भडोचजवळचं खंबातचं आखात, नदीची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर सव्वीसशेच्या वर, आणि पायवाटा सरळ कधी नसतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त. शास्त्रानुसार काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस; चातुर्मासात एका जागी मुक्काम. आज पायी जाणारे बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघून पावसाळ्याआधी परततात, आणि बसने जाणारे दोन-तीन आठवड्यांत.

नदी ओलांडायची नाही, तर काठ बदलायचा कसा? उगमाशी ते सोपं आहे. अमरकंटकला माई की बगियाच्या मागून वळसा घातला की माणूस दुसऱ्या तीरावर येतो. मुखाशी मात्र समुद्राला शरण जावं लागतं. दक्षिण तीरावरच्या विमलेश्वर भागात परिक्रमावासी भरतीची वाट पाहत बसतात. भरतीच्या वेळेप्रमाणे कधी रात्री, कधी पहाटे होडी सुटते आणि आखातातून उत्तरेच्या मिठी तलाईला लागते. इथे होडी चालते, कारण हे पाणी सागराचं. बाटलीतलं थोडं पाणी इथे सागरात सोडतात आणि थोडं सागराचं पाणी तिच्यात घेतात.

वाटेवरची भाषाही वेगळी आहे. आश्रमात शिरताना माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात : ‘कितनी मूर्ती?’ मुक्काम म्हणजे आसन लावणं, शिधा म्हणजे सदावर्त, आणि कुणालाही हाक, उत्तर, आभार या सगळ्यांसाठी दोनच शब्द : ‘नर्मदे हर’.

ही हाक आता मराठी कंठातून फार ऐकू येते. नकाशा पाहिला तर याचं नवल वाटतं. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पन्नासेक किलोमीटर. पण नातं जुनं आहे. ओंकारेश्वरहून पश्चिमेला निघालेल्या परिक्रमावासीला दक्षिण तीरावरच रावेरखेडी लागते. थोरले बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी इथेच गेले, त्यांची समाधी काठावर आहे. माणगावात 1854 मध्ये जन्मलेल्या वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी 1914 मध्ये नर्मदेकाठी गरुडेश्वरला देह ठेवला. त्यांच्याच परंपरेतले नाना महाराज तराणेकर (1896–1993) इंदूरला राहिले, आणि त्यांच्यामुळे शहरातली कितीतरी मराठी घरं या काठाशी बांधली गेली. पुढे गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने आणि अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने वाचकांना थेट घराबाहेर काढलं. भारती ठाकूर यांचं उदाहरण तर आवर्जून सांगण्याजोगं. पायी परिक्रमा करून आल्यावर त्यांनी अनुभव लिहिले, आणि तेवढ्यावर न थांबता मंडलेश्वरजवळच्या लेपा गावी जाऊन निमाडातल्या मुलांसाठी शिक्षणाचं काम उभं केलं. चालताना ज्यांच्या घरी भाकरी खाल्ली, त्यांच्या मुलांकडे परत जाणं ही परिक्रमेची फार मोठी फलश्रुती आहे.

ही पुस्तकं वाचताना मात्र शेजारी आजचा नकाशा ठेवावा. जुन्या वर्णनांतली बरीच वाट आज पाण्याखाली आहे. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल, म्हणजे परिक्रमावासीयांचे ‘मामा’, यात्रेकरूचं होतं नव्हतं ते काढून घेत, हा एके काळी परिक्रमेतला सर्वांत कठीण टप्पा. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीजवळचं मूळ शूलपाणेश्वर मंदिर गेलं, काठावरची गावं गेली. इंदिरा सागरात 2004 साली हरसूद हे भरलं शहर बुडालं. धाराजीला अमावास्येच्या मेळ्यात, एप्रिल 2005 मध्ये, वरच्या धरणातून सोडलेलं पाणी अचानक वाढलं आणि अनेक भाविक वाहून गेले. पुढे ओंकारेश्वर धरण भरल्यावर ते ठिकाणही बुडालं. ज्यांची घरं गेली त्यांच्याच वस्त्यांमधून आज परिक्रमावासीला चहा आणि टिक्कड मिळतं. हे मनावर घेतल्याशिवाय या वाटेवर चालू नये.

जलाशय आले तशी वाट काठापासून लांब गेली. बडवानीहून पुढे डोंगरातून न जाणारे बरेच जण शहादा, प्रकाशा असे येतात. प्रकाशाला समोर वाहते ती तापी. मैया तेव्हाही उजव्या हातालाच असते, पण सातपुड्याच्या पलीकडे, दिवसेंदिवस न दिसणारी.

नियमाचा खरा कस कालव्यांपाशी लागतो. धरणाचं तुंबलेलं पाणी ओढ्यात शिरलं असेल तर नियम कडक पाळणारे वरपर्यंत वळसा घालतात, कारण ते पाणी मैयाचंच. मग कालव्यातलं कुणाचं? सरदार सरोवराचा मुख्य कालवा गुजरातेतून 458 किलोमीटर जाऊन राजस्थानात शिरतो. त्याला वळसा घालणं पायांच्या आवाक्यातलं नाही. तिथे परिक्रमावासी पुलावरून जातात, आणि त्यांनी परिक्रमा खंडित केली असं म्हणणं अन्यायाचं होईल.

इंदूरकरांसाठी हा प्रश्न अगदी घरातला आहे. 1970 मध्ये या शहराने नर्मदेच्या पाण्यासाठी दीर्घ आंदोलन केलं, आणि 1978 मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी शहरात आलं. सुमारे सत्तर किलोमीटर, आणि चढ चारशे मीटरहून जास्त. बोरिंगच्या पाण्याशी तुलना करताना इथे लोक आजही ‘नर्मदेचे नळ’ असं वेगळं बोलतात. 2014 पासून हीच नदी उपसून क्षिप्रेच्या उगमाशी सोडली जाते, आणि 2016 च्या सिंहस्थात उज्जैनला भाविकांनी क्षिप्रेत डुबकी मारली तेव्हा अंगावर पाणी नर्मदेचंही होतं.

जलूद उत्तर तीरावर आहे. समुद्राकडून परतणारा परिक्रमावासी महेश्वर, मंडलेश्वर करत इथे पोचतो. नदी उजवीकडे, इंदूर डावीकडे, आणि मधून वाटेला आडव्या जाणाऱ्या मोठाल्या जलवाहिन्या. बाटलीतलं पाणी सांभाळत तो त्या पार करतो आणि सिद्धवरकूटची दिशा धरतो.

(पुढील भागात : महेश्वरचे घाट आणि अहिल्याबाईंचं सदावर्त)