टायगरच्या पोटात व्ही-८

ब्रिटनच्या रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन ही स्पोर्ट्स कार दिसायला देखणी, पळायला मात्र बेताची. १९६३मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकी कारनिर्माता कॅरोल शेल्बीने तिच्या चार सिलिंडरी इंजिनाच्या जागी फोर्डचं ४.३ लिटरचं व्ही-८ बसवून दाखवलं. पुढच्याच वर्षी ‘टायगर’ बाजारात आली.

इंजिन मावलं खरं, पण अक्षरशः कोंबून! स्टिअरिंगची जुनी यंत्रणा काढून रॅक-पिनियन घालावं लागलं, बॅटरी डिकीत गेली. डाव्या बाजूच्या सर्वांत मागच्या स्पार्क प्लगपर्यंत बॉनेटखालून हात पोहोचेना. म्हणून केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्याला भोक पाडून रबरी बूच बसवलं. प्लग बदलायचा तर मेकॅनिकने गाडीत शिरून, बूच काढून पाना घालायचा.

पुढे रूट्स क्रायस्लरच्या ताब्यात गेली. प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन विकणं मालकांना रुचणारं नव्हतं आणि स्वतःचं व्ही-८ तिथे बसेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला होता. १९६७मध्ये टायगरचं उत्पादन थांबलं.